वाशिष्ठी : डोंगराची नदी आणि समुद्राची खाडी

भूगोलाच्या पुस्तकांत नदीच्या तीन अवस्था वर्णिलेल्या असतात. डोंगरात नदी वेगाने झीज करते, मैदानात संथपणे वळणे घेते आणि मुखाशी गाळ टाकून त्रिभुज प्रदेश निर्माण करते. कृष्णा-गोदावरीस हे वर्णन लागू पडते. कोकणातील विद्यार्थ्याने मात्र आपल्या गावची नदी या चौकटीत बसविण्याचा प्रयत्न केल्यास ती बसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठी हे याचे उत्तम उदाहरण होय.

येथे सह्याद्रीचा माथा सुमारे १,००० मीटर उंच असून समुद्र तेथून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरच दूर आहे. वाशिष्ठीची एकंदर लांबी सुमारे ७० किलोमीटर. कृष्णेची सुमारे १,४००. वाशिष्ठीचा बहुतेक उतार पहिल्या थोड्या अंतरातच संपतो. काळ्या खडकांतून, मोठमोठे गोटे लोटीत ती खाली येते आणि चिपळूणपाशी जवळजवळ समुद्राच्या पातळीस पोहोचते. मैदानातील मधली अवस्था तिच्या वाट्यास आलेलीच नाही.

चिपळूणपासून पुढे नदीची खाडी होते. दोन्ही बाजूंस जांभ्या दगडाचे सडे, काठाने तिवरांची बने व खाजणे आणि पात्रात बेटे दिसतात. खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते. शेवटी उत्तरेस दाभोळ आणि दक्षिणेस अंजनवेल यांच्यामधून ती अरबी समुद्रास मिळते. या भागात दिवसातून दोनदा भरती येते व पाण्याची ओढ उलटते. भरती-ओहोटीमुळे मुखाशी गाळ स्थिरावून त्रिभुज प्रदेश बनत नाही.

वाशिष्ठीच्या प्रवाहात मनुष्याच्या हातचेही पाणी आहे. कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. म्हणजे तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाणारे. १९६० नंतरच्या दशकात कोयना प्रकल्प सुरू झाल्यापासून त्यातील बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरते, पोफळी परिसरात वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीत सोडले जाते. त्यामुळे कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात आटतात, तेव्हाही वाशिष्ठी वाहत असते.

नदीची ही घडण समजणे केवळ परीक्षेपुरते उपयोगाचे नाही. घाटात मुसळधार पाऊस झाला की पाणी काही तासांतच चिपळुणास येते. त्याच वेळी खाली भरती असेल, तर त्यास समुद्राकडे जाण्यास वाट मिळत नाही आणि ते काठावर पसरते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुराच्या पाण्याखाली गेले, तेव्हा अतिवृष्टीबरोबर भरतीचाही काळ होता. पौर्णिमा दोनच दिवसांवर आली होती. गाळाने पात्र उथळ झाले की हे संकट वाढते. म्हणूनच त्या पुरानंतर गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

हा पाठ शिकविताना शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. मुलांकडून मातीचा उतार करवून घ्यावा. त्याच्या पायथ्याशी पाण्याने भरलेली परात ठेवून वरून झारीने पाणी सोडावे. परातीतील पाणी वाढविले म्हणजे उतारावरचे पाणी कोठे तुंबते, हे मुलांना प्रत्यक्ष दिसेल.

२. भरतीचा ठोकळ हिशोब गणिताच्या तासास घ्यावा. तिथीची पाऊणपट केली म्हणजे किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. खाडीत आत ती उशिरा पोहोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, हेही सांगावे.

३. गावातील वृद्धांकडून मोठ्या पुरांच्या खुणा मुलांनी विचारून घ्याव्यात आणि त्या गावाच्या नकाशावर दाखवाव्यात. पावसाळ्यात मुलांना पात्राजवळ नेऊ नये. ही पाहणी दिवाळीनंतर करावी.

आकाश भरून आले असता आज तिथी कोणती, भरती केव्हा, आणि आपले घर पुराच्या खुणेच्या वर की खाली, एवढे प्रश्न मूल घरी जाऊन विचारू लागले, म्हणजे हा पाठ सफल झाला असे समजावे.