बाद फेरीतील खेळ आणि चाहत्यांचा न्याय : अमेरिकन बेसबॉलमधील खेळाडू-टीकेचे स्वरूप

प्रस्तावना

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा नियमित हंगाम प्रत्येक संघासाठी १६२ सामन्यांचा असतो. वसंत ऋतूत सुरू झालेला हा हंगाम सप्टेंबरअखेर संपतो आणि ऑक्टोबरमध्ये निवडक संघांची बाद फेरी सुरू होते. २०२२ पासून ३० पैकी १२ संघांना या फेरीत प्रवेश मिळतो. तीन, पाच व सात सामन्यांच्या छोट्या मालिकांतून अखेर दोन संघ वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर येतात. सहा महिने जे घडले त्याचा निकाल चार आठवड्यांत लागतो, आणि खेळाडूची लोकमानसातील प्रतिमाही बहुतांशी याच चार आठवड्यांत घडते अथवा बिघडते. वर्षभराच्या अध्ययनाचे मोल तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेवर ठरवण्याची पद्धत ज्यांच्या परिचयाची आहे, त्या अध्यापकवर्गाला ही विसंगती नवीन वाटणार नाही.

ऑक्टोबरमधील कामगिरीवरून चाहते खेळाडूंविषयी जी मते बनवतात, त्यांतील कोणती टीका तर्काच्या कसोटीवर टिकते व कोणती टिकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. क्रिकेटच्या परिभाषेवर वाढलेल्या वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये फलंदाजीची सरासरी म्हणजे धावांची सरासरी नव्हे. अधिकृत संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका मारला त्याचे ते प्रमाण असते. दहापैकी तीन वेळा यशस्वी ठरणारा, म्हणजे .३०० सरासरीचा फलंदाज, उत्तम गणला जातो. सातत्याने अपयशी होणे हे या खेळात उत्कृष्टतेचेच दुसरे नाव आहे, आणि चाहत्यांना नेमका याच गोष्टीचा ऑक्टोबरमध्ये विसर पडतो.

अल्प नमुन्याचा प्रश्न

अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज या खेळाडूचे उदाहरण या संदर्भात सर्वाधिक चर्चिले गेले आहे. डिसेंबर २००० मध्ये टेक्सास संघाशी त्याने दहा वर्षांसाठी २५.२ कोटी डॉलरचा करार केला, आणि २००४ च्या आरंभी तो न्यूयॉर्क यांकीज संघात आला. २००५ मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. परंतु त्याच वर्षीच्या बाद फेरीत १५ संधींत त्याला केवळ २ यशस्वी फटके मारता आले. २००६ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध १४ संधींत १. चौथ्या सामन्यात व्यवस्थापक जो टोरे यांनी त्याला फलंदाजीच्या क्रमात आठव्या स्थानावर ढकलले. मोठ्या प्रसंगी कच खाणारा खेळाडू, हा शिक्का त्याच्यावर तेव्हापासून बसला. घरच्या मैदानावरही त्याची हुर्यो उडवली जात असे.

आता साधे गणित पाहू. .३०० सरासरीच्या फलंदाजाला १४ संधी मिळाल्या आणि प्रत्येक संधी स्वतंत्र मानली, तर त्याला एक किंवा त्याहून कमी यशस्वी फटका मिळण्याची शक्यता सुमारे ५ टक्के येते. १५ संधींत दोन किंवा त्याहून कमी मिळण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. २००६ च्या बाद फेरीत आठ संघ होते. प्रत्येक संघाचे नऊ फलंदाज व ते सर्व .३०० दर्जाचे धरले, तरी ७२ जणांपैकी तीन-चार जणांच्या वाट्याला असे अपयश निव्वळ योगायोगाने यायचेच. शिवाय बाद फेरीत दुबळे गोलंदाज फारसे वाट्याला येत नाहीत, ही गोष्ट या हिशेबात धरलेलीच नाही. त्या तीन-चार जणांपैकी सर्वाधिक वेतन घेणारा जो असेल, त्याच्या मनोधैर्याची चिकित्सा होते. इतरांना कोणी विचारत नाही.

२००९ मध्ये याच रॉड्रिग्जने बाद फेरीत .३६५ च्या सरासरीने सहा होमरन मारले आणि यांकीज विजेते झाले. त्याच वर्षाच्या आरंभी त्याने पूर्वी उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिली होती. त्याच्यावरील टीकेला खरा आधार होता तो तेथे, ऑक्टोबरमधील १४ संधींत नव्हे.

याच संघातील डेरेक जीटर याच्याविषयीचे लोकमत अगदी उलट होते. २००१ ची वर्ल्ड सिरीज ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामुळे लांबली. चौथ्या सामन्यात मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे १ नोव्हेंबर उजाडल्यावर, जीटरने विजयी होमरन मारला आणि ‘मिस्टर नोव्हेंबर’ ही उपाधी त्याला कायमची चिकटली. त्या संपूर्ण मालिकेतील त्याची सरासरी .१४८ होती, आणि मालिका यांकीज हरले. संपूर्ण कारकिर्दीत जीटर बाद फेरीचे १५८ सामने खेळला, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण हंगाम. नियमित हंगामातील त्याची सरासरी .३१०, बाद फेरीतील.३०८. नमुना पुरेसा मोठा झाला की ऑक्टोबरमधला खेळाडू हा एप्रिलमधल्या खेळाडूसारखाच दिसू लागतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

‘मिस्टर ऑक्टोबर’ या मूळ उपाधीची कथाही अशीच आहे. रेजी जॅक्सनने १९७७ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात लागोपाठ तीन चेंडूंवर बॅट फिरवून तीन होमरन मारले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या काही दिवस आधी लीगच्या अंतिम मालिकेत तो १६ संधींत दोनदाच यशस्वी ठरला होता व निर्णायक सामन्याच्या सुरुवातीला त्याला बसवून ठेवण्यात आले होते, हे क्वचितच सांगितले जाते. ही उपाधी सहकारी थर्मन मन्सन याने प्रथम उपरोधाने दिली, असे म्हणतात.

निर्णायक क्षणी कामगिरी उंचावण्याची वेगळी क्षमता खेळाडूत असते काय, हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून हाताळला आहे. डिक क्रेमर यांनी १९७७ मध्ये, अशी क्षमता असेल तर ती एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे टिकून राहिली पाहिजे, या कसोटीवर ती तपासली व तसे आढळत नसल्याचे दाखवले. पुढे बिल जेम्स यांनी २००४ च्या सुमारास या युक्तिवादालाच आक्षेप घेतला. धुक्यात पहारेकऱ्याला कोणी दिसले नाही म्हणजे तेथे कोणी नव्हतेच असे सिद्ध होत नाही, असा त्यांचा आशय होता. म्हणजे क्षमता नाहीच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मात्र दोन-तीन मालिकांवरून ती अमुक एका खेळाडूत नाही असे म्हणण्याचा अधिकार तर मुळीच पोहोचत नाही.

साखळीतील एक कडी

संख्येपेक्षाही क्रूर असते ती कथेची निवड. १९१२ च्या वर्ल्ड सिरीजमधील अखेरचा सामना बोस्टन येथे दहाव्या डावापर्यंत लांबला. न्यूयॉर्क जायंट्स २-१ ने पुढे असता फ्रेड स्नॉडग्रास याच्या हातून एक सोपा झेल सुटला. लगेच पुढच्याच फटक्यावर त्याने एक असामान्य झेल घेतला. त्यानंतर गोलंदाजाने एका फलंदाजास मोफत बेस दिला, तीन क्षेत्ररक्षकांच्या मध्ये एक सोपा उंच चेंडू कोणीच न झेलता पडला, आणि मग बोस्टनने सामना जिंकला. इतिहासात उरली ती पहिली चूक. विजेत्या व पराभूत संघांच्या वाट्यातील फरकावरून तिला ‘तीस हजार डॉलरची चूक’ असे नाव पडले. स्नॉडग्रास पुढे बँक-व्यवसायात स्थिरावला, कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड शहराचा महापौर झाला. १९७४ मध्ये तो निवर्तला तेव्हा वृत्तपत्राच्या मथळ्यात ६२ वर्षांपूर्वीचा सुटलेला झेलच होता.

बिल बकनरची कथा अधिक परिचित आहे. २५ ऑक्टोबर १९८६ रोजी वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात, दहाव्या डावात, बोस्टन रेड सॉक्स ५-३ ने पुढे होते. न्यूयॉर्क मेट्सचे दोन गडी बाद होऊन बेसवर कोणी नव्हते. त्यानंतर सलग तीन यशस्वी फटके बसले, एक धाव निघाली, आणि बॉब स्टॅन्लीच्या एका स्वैर चेंडूवर सामना बरोबरीत आला. बकनरच्या पायांमधून मुकी विल्सनचा सरपटी चेंडू निसटला तो त्यानंतर. तो अडवला असता तर सामना जिंकला असता, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे. फार तर अकरावा डाव झाला असता. शिवाय सातवा सामना शिल्लक होता, आणि त्यातही बोस्टनने ३-० ची आघाडी घालवली. तरीही १९१८ पासून विजेतेपदाला मुकलेल्या शहराच्या दुःखाचे खापर २,७१५ यशस्वी फटके मारणाऱ्या एका खेळाडूच्या डोक्यावर फुटले.

येथे ‘चाहते’ हा शब्द सावधपणे वापरायला हवा. १९९० मध्ये बकनर पुन्हा बोस्टनकडून मैदानात उतरला तेव्हा तेथील प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले होते. २००४ चे विजेतेपद मिळाल्यानंतर, एप्रिल २००८ मध्ये तो समारंभपूर्वक पहिला चेंडू टाकण्यासाठी आला, तेव्हाही तेच घडले. आपल्याला क्षमा करावी लागली ती चाहत्यांना नव्हे तर प्रसारमाध्यमांना, अशा आशयाचे उद्गार त्याने त्या दिवशी काढले. एकच चित्रफीत वर्षानुवर्षे दाखवत राहिल्याने जे मत तयार होते, ते प्रत्यक्ष मैदानात बसलेल्या माणसाचे असतेच असे नाही. बकनरचे २०१९ मध्ये निधन झाले.

त्याच वर्षी, १९८६ मध्ये, कॅलिफोर्निया एंजल्सचा गोलंदाज डॉनी मूर याच्या चेंडूवर डेव्ह हेंडरसनने मारलेला होमरन असाच गाजला. एंजल्स त्या वेळी वर्ल्ड सिरीजपासून केवळ एका चेंडूच्या अंतरावर होते. एंजल्सने त्याच डावात पुन्हा बरोबरी साधली होती व सामना अकराव्या डावात गेला, हा तपशील मागे पडला. मूरला पुढे प्रेक्षकांचा रोष सहन करावा लागला. १९८९ मध्ये त्याने आत्महत्या केली. दुखापती, संपुष्टात आलेली कारकीर्द व कौटुंबिक कलह या गोष्टीही त्यामागे होत्या. एका होमरनला ते कारण ठरवणे म्हणजे ज्या विचारदोषाची येथे चर्चा चालू आहे तोच पुन्हा करणे होय.

कोणती टीका टिकते?

चाहत्यांची सर्वच टीका अडाणीपणाची असते, असा याचा अर्थ नाही. २००३ मध्ये लीगच्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात बोस्टनचे व्यवस्थापक ग्रेडी लिटल यांनी थकलेल्या पेड्रो मार्टिनेझला आठव्या डावात गोलंदाजीवर कायम ठेवले. ५-२ ची आघाडी गेली, अकराव्या डावात सामनाही गेला, आणि लिटल यांची मुदत वाढवण्यात आली नाही. मार्टिनेझ शंभर चेंडूंच्या पुढे उतरणीला लागतो, हे निकालापूर्वीच ज्ञात होते. निर्णयाच्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर आधारलेली ही टीका रास्त म्हणावी लागते. याउलट २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टॅम्पा बे संघाचे व्यवस्थापक केव्हिन कॅश यांनी ब्लेक स्नेल याला ७३ चेंडूंनंतर, १-० अशी आघाडी असताना बदलले. तो सामना व मालिका दोन्ही गेली. मग ओरड झाली ती नेमकी उलट : उत्तम चाललेल्या गोलंदाजाला काढलेच कशाला? वर्षभर याच पद्धतीने टॅम्पा बेने सामने जिंकले होते. या टीकेत खेळाची जाण नव्हती असे नाही, पण तिचे वजन निकालानंतर वाढले हे नाकारता येत नाही.

सामाजिक मानसशास्त्राने या वृत्तीचे काही पैलू उलगडले आहेत. हॅस्टॉर्फ व कॅन्ट्रिल यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की एकाच फुटबॉल सामन्याचे चित्रण पाहूनही दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना नियमभंगांची संख्या वेगवेगळी दिसते. रॉबर्ट चाल्डिनी व सहकाऱ्यांच्या १९७६ च्या अभ्यासात, संघ जिंकल्यावर विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ आणि हरल्यावर ‘ते हरले’ अशी भाषा वापरण्याकडे झुकतात, असे आढळले. बाद फेरीतील पराभवानंतर या ‘ते’चा ‘तो’ होतो, एवढीच भर बेसबॉलच्या अनुभवावरून घालता येईल.

क्लेटन कर्शॉ याच्या कारकिर्दीत हे सर्व धागे एकत्र येतात. तीन वेळा साय यंग पुरस्कार मिळवणाऱ्या या गोलंदाजाने नियमित हंगामात दर नऊ डावांमागे सरासरी २.५३ धावा दिल्या. बाद फेरीत हे प्रमाण साडेचारच्या आसपास गेले. येथे नमुना रॉड्रिग्जच्या १४ संधींइतका लहान नाही, त्यामुळे चाहत्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. अपुऱ्या विश्रांतीवर केलेली गोलंदाजी आणि थकल्यावरही पुढच्या डावात कायम ठेवण्याचे व्यवस्थापकांचे निर्णय यांचा त्यात वाटा होता. २०१७ च्या वर्ल्ड सिरीजमधील ह्यूस्टनच्या पाचव्या सामन्यात त्याने दोनदा आघाडी घालवली आणि टीकेचा कळस झाला. त्या हंगामात ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत होते व कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला इशारा देत होते, हे २०१९ च्या अखेरीस उघड झाले. जानेवारी २०२० मधील चौकशी-अहवालाने त्यास दुजोरा दिला. दोन वर्षे ज्याला मनोदौर्बल्याचा पुरावा मानले गेले, त्या सामन्याकडे त्यानंतर वेगळ्या दृष्टीने पाहावे लागले. २०२० मध्ये वर्ल्ड सिरीजमधील दोन सामने जिंकून कर्शॉने विजेतेपद मिळवले.

२०२५ हा त्याचा अखेरचा हंगाम होता. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमधील १८ डाव चाललेल्या तिसऱ्या सामन्यात बाराव्या डावात, तिन्ही बेस भरलेले असताना, त्याला पाचारण करण्यात आले. त्याने एकच फलंदाज बाद केला, आणि तो परत गेला. डॉजर्सनी तो सामना ६-५ ने जिंकला. नोंदवहीत त्या कामगिरीची नोंद एक-तृतीयांश डाव अशी आहे. बाद फेरीतील त्याच्या सरासरीत तिने जाणवण्याजोगा फरक पडला नाही.