लोकसंख्या आणि राज्यसत्ता (लेखांक ६) : नगरचा ठराव, मुंबईचे विधेयक, जामखेडचा अनुभव

गेल्या आठवड्यात माल्थसच्या सिद्धान्ताचा विचार करताना एक प्रश्न आपण मुद्दाम बाजूस ठेवला होता. प्रजावाढ राष्ट्राच्या साधनसंपत्तीस झेपेनाशी झाली आहे असे एखाद्या सरकारास अगदी प्रामाणिकपणे वाटले, तर कोणाच्या घरी किती मुले जन्मावीत हे ठरविण्याचा अधिकार त्या सरकारास पोहोचतो काय? या प्रश्नाचा ऊहापोह करण्यासाठी फार दूर जावयास नको. पूर्वी अहमदनगर या नावाने आणि आता अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याचा या वादाशी जो संबंध आला आहे, तो फारच थोड्यांच्या स्मरणात उरला आहे.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाविषयीचा एक बिनसरकारी ठराव चर्चेस आला. तो मांडणारे पी. जे. रोहम हे नगर जिल्ह्यातून स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने निवडून आलेले सभासद होते, आणि त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभागृहात उपस्थित नसल्यामुळे त्यांचे भाषणही रोहम यांनीच वाचून दाखविले. हा विषय उच्चारणेसुद्धा त्या काळी सभ्यतेचा भंग मानला जाई. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, त्याबद्दल नोकरीपासून कोर्टकचेरीपर्यंत सर्व प्रकारची किंमत त्यांना मोजावी लागली होती. अशा वातावरणात रोहम यांच्या ठरावाने सरकारकडे दोनच गोष्टी मागितल्या: इलाख्यातील सामान्य जनतेत या विषयाचा जोरदार प्रचार करावा, आणि ज्यांना संततिनियमन करावयाचे असेल त्यांना त्याची साधने पुरेशी उपलब्ध करून द्यावीत. दंडाची, शिक्षेची किंवा सक्तीची तजवीज त्यात कोठेही नव्हती. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रीची आणि दारिद्र्यात जन्मून लवकर मरणाऱ्या मुलांची काळजी मात्र त्यात पुरेपूर होती. ठराव नामंजूर झाला. परंतु सरकारचे कर्तव्य कोठे सुरू होते आणि त्याचा अधिकार कोठे संपतो, याची इतकी रेखीव मर्यादा त्यानंतर आपल्या राज्यात पुन्हा आखली गेल्याचे मला तरी आढळत नाही.

कारण पुढे अडतीस वर्षांनी, १९७६ साली, आणीबाणीच्या अंमलात, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जे विधेयक संमत केले ते नेमके याच्या उलट होते. तीन हयात अपत्ये असलेल्या दांपत्यास निर्बीजीकरण सक्तीचे करणारे आणि हुकूम मोडणाऱ्यास कैदेची शिक्षा सांगणारे ते विधेयक राष्ट्रपतींच्या मंजुरीअभावी कायदा होऊ शकले नाही, हे आपले भाग्य. तथापि सक्तीसाठी कायद्याची वाट कोणी पाहिली नव्हती. शाळामास्तर, तलाठी, ग्रामसेवक अशा ज्या मंडळींकडे गावाने विश्वासाने पाहावयाचे, त्यांच्याच माथी ‘केसा’ आणण्याचे उद्दिष्ट मारण्यात आले. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. या दडपणाचा सूड मतदारांनी सरकारवर उगविला, हे सर्वश्रुत आहे. पण त्याचा खरा भार कोणावर पडला हे क्वचितच सांगितले जाते. नसबंदी या शब्दाची पुरुषांनी जी धास्ती घेतली ती आजतागायत गेलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतल्याचे दिसते, आणि नवऱ्याच्या शस्त्रक्रियेवर विसंबलेल्या स्त्रिया अवघ्या ०.३ टक्के. सक्ती झाली पुरुषांवर, आणि पन्नास वर्षे तिची भरपाई करीत आहेत बायका.

आता जामखेडकडे वळू. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली या अवर्षणग्रस्त तालुक्यात आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्यापाशी दवाखान्याआधी पाणी आणि अन्न मागितले, आणि त्या दोघांचे मोठेपण असे की त्यांनी ती मागणी आरोग्याचीच मागणी म्हणून स्वीकारली. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. पुढे गावांनी आपल्यातूनच निवडलेल्या स्त्रिया, ज्यांतील बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती आणि ज्यांतील कित्येकींना गावाच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती, त्या ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार झाल्या. मुलांची वजने घेणे, हगवणीने सुकलेल्या लेकराला मीठसाखरेचे पाणी पाजणे, गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ हाताने बाळंतपण: एवढ्या साध्या सामग्रीवर हे काम उभे राहिले. त्याबद्दल १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला. ज्या साली मुंबईत सक्तीचे विधेयक संमत होत होते, त्याच साली जामखेडच्या परिसरात बालमृत्यू दोनतृतीयांशांनी घटले होते. जन्मदराची घट त्यामागून आली: आरंभी हजारी ४० असलेला दर नव्वदच्या दशकात विशीच्या आसपास उतरला. हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. जिची पाचांपैकी दोन लेकरे हातची गेली आहेत त्या बाईला ‘दोनच पुरेत’ असे सांगणे क्रूरपणाचे होय. तिची झालेली मुले जगतात असा तिला भरवसा येऊ द्यावा, गोळी किंवा शस्त्रक्रिया यांविषयी बोलावयास तिच्याच आळीतली, तिच्या बाळंतपणात रात्रभर जागलेली बाई तिच्याशेजारी बसावी, म्हणजे निर्णय ती आपण होऊन घेते.

लोकसंख्येचा भार काल्पनिक आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. १९५१ नंतर देशाची लोकसंख्या चौपटीच्या घरात गेली, आणि कर्जत-जामखेडसारख्या टापूत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावास माणसांची संख्या म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावयास नको. माझा आक्षेप उपायास आहे. सौम्य वाटणाऱ्या सक्तीसही तो लागू पडतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोहोंपेक्षा अधिक अपत्ये झालेल्या व्यक्तीस आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येत नाही, आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीसही तशीच अट घातली. अशा नियमांना सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या प्रकरणात २००३ साली वैध ठरविले असले, तरी वैध असणे आणि न्याय्य असणे या भिन्न गोष्टी आहेत. निर्मला बुच यांनी पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात या नियमापायी टाकलेल्या बायका, दत्तक देऊन टाकलेली मुले आणि लिंगनिदानानंतरचे गर्भपात नोंदलेले आहेत. मूल किती असावे यात जिचे घरात काही चालत नाही, तिलाच तिसऱ्या अपत्याबद्दल सरपंचपदास मुकावे लागते, हे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय आपल्या जिल्ह्यास याहून मोठा धोका आहे. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे येथे २००१ च्या जनगणनेत ८८४ मुली होत्या, २०११ मध्ये ८५२ उरल्या. राज्याचा आकडा त्या वेळी ८९४ होता. साखर कारखाने, सहकार, कालव्याचे पाणी यांनी ज्या जिल्ह्याचे नाव सर्वदूर नेले, तेथे लेकी अशा कमी व्हाव्यात, ही नुसती आकडेवारी नव्हे. मुलाचा हव्यास तसाच ठेवून अपत्यांची संख्या तेवढी कमी केली की कमी होणारे मूल मुलगीच असते, आणि दोनची अट घालणारा प्रत्येक नियम त्याच दिशेने रेटा देतो. महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ वर, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या २.१ च्याही खाली, उतरलेला आहे. ज्या कारणासाठी ही अट घातली ते कारणच आता उरलेले नाही. आंध्र प्रदेशाने २०२४ साली आपल्याकडील अशी अट रद्द केली. महाराष्ट्रानेही ती विनाविलंब रद्द करावी, आणि त्या दक्षतेचा रोख सोनोग्राफी केंद्रांच्या दप्तरतपासणीकडे वळवावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

पाथर्डी-जामखेडकडची ऊसतोड कुटुंबे या चर्चेत अजून आलेली नाहीत. तेथे नवराबायकोची जोडी हाच ‘कोयता’ गणला जातो, त्या जोडीवर मुकादम उचल देतो आणि त्यापायी पोरींची लग्ने कोवळ्या वयात उरकली जातात; पहिले बाळंतपण इतक्या लवकर का येते आणि ते लांबविण्यास हंगामी वसतिगृहे कितपत उपयोगी पडतात, याचा विचार पुढील लेखांकात करू.