गड चढताना काठी, उतरताना तर हवीच!

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती येते आणि आपल्या भागातील भाविकांना माहूरचे वेध लागतात. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीने किनवट, तेथून बसने माहूर. रेणुकामातेच्या पायऱ्या, दत्तशिखर, अनसूया शिखर असे दर्शन घडते. पण घरी आल्यावर अनेकजण चार-आठ दिवस गुडघे धरून बसतात.

चढताना दम लागतो, म्हणून आपण चढाला भितो. गुडघ्याला खरा मार बसतो तो उतरताना. खालच्या पायरीवर पाऊल टाकताना शरीराचा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. काठी यातील काही भार हातावर घेते व तोलही सांभाळते. 'काठी म्हणजे म्हातारपण' असे समजून पन्नाशीतील माणसे ती घ्यायला लाजतात. दुखणे लागण्याआधीच ती हाती घेण्यात शहाणपण आहे.

काठी कशी असावी?

सपाट जागी टेकली असता कोपर साधारण काटकोनात राहील, एवढी तिची उंची असावी. लांबी कमी-जास्त करता येणारी असल्यास चढताना थोडी आखूड व उतरताना थोडी लांब करावी. वेळूची काठीही चालते. मात्र दगडी पायऱ्यांवर घसरू नये म्हणून टोकाला रबरी बूच बसवावे. एकच गुडघा दुखत असेल तर काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. चढताना आधी चांगला पाय वर टाकावा. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, शेवटी चांगला पाय. लांबच्या डोंगरवाटेवर दोन काठ्या अधिक बऱ्या.

केदारनाथला जाणाऱ्यांसाठी

माहूरला एक स्वेटर व कानटोपी पुरते. केदारनाथला ती पुरत नाही. ते स्थान ३,५८३ मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे आपल्याकडे वैशाखाचे ऊन असले तरी तेथे कडाक्याची थंडी असू शकते.

एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन थर घालावेत. आत घाम शोषून लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकरी स्वेटर, सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. सुती बनियन घामाने भिजले की अंगाला चिकटून शरीर गार करते. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. चढताना घाम येऊ लागताच एक थर काढावा, थांबताच पुन्हा घालावा. कोरडे मोजे, हातमोजे व टोपी पिशवीत वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये ठेवावी.

सोबतचा माणूस थरथर कापू लागला, अडखळत बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर तो केवळ थकवा समजू नये. ओले कपडे काढून त्याला कोरड्यात गुंडाळावे. शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा. दारू मुळीच देऊ नये. बसल्या जागी धाप लागत असेल वा भान हरपत असेल तर दर्शनाचा आग्रह सोडून ताबडतोब खाली आणावे व डॉक्टरांना दाखवावे.

हृदयविकार, दमा वा रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी आणि महिनाभर आधी रोज चालण्याचा सराव ठेवावा.