रूपे तीन, कारण एक

मालवणच्या बाजारपेठेत आमचे दुकान खाली आणि घर वर आहे. पर्यटनाच्या हंगामात किल्ला पाहून परतलेली गिऱ्हाइके दुपार कलताच दाटी करतात आणि त्याच वेळी वर सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची घाई चाललेली असते. माझा सहा वर्षांचा पुतण्या नेमका त्या तासात बिथरत असे. कधी डाळीचा डबा उपडा करी, कधी धाकट्या बहिणीचे केस ओढी, कधी पोट दुखते म्हणून निजून राही. डॉक्टरांना दाखवले, पोटात काही नव्हते. मग आम्ही त्याला नावे ठेवली: उपद्रवी, दुष्ट, खोटा. ‘मी खोटा आहे ना?’ असे त्याने एके दिवशी बहिणीलाच विचारले, तेव्हा मी चपापलो.

वर्तन-विश्लेषण हे शास्त्र कृतीच्या रूपापेक्षा तिच्या मागोमाग काय घडते, ते पाहते. डबा सांडला की आई धावे, केस ओढले की आजी ओरडे, पोट दुखले की मी त्याला मांडीवर घेई. तिन्हींचे फळ एकच, मोठ्यांचे लक्ष. अशा कृतींच्या समूहास ‘प्रतिसाद-वर्ग’ म्हणतात. एकीला अडवले की दुसरी वाढू शकते. आम्ही डबे उंचावर ठेवले आणि बहिणीचे रडणे वाढले, ते यामुळेच.

अमेरिकेतील रॉबर्ट वाहलर यांनी दोन मुलांचे घरी व शाळेत दीर्घकाळ निरीक्षण करून १९७५ मध्ये दाखवले, की मुलांच्या कृती गटागटाने बदलतात आणि घरचा गट शाळेत तसाच आढळत नाही. ‘शाळेत शहाणा, घरी द्वाड’ या तक्रारीत म्हणूनच लबाडी शोधू नये. १९८५ मध्ये एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांनी विकासात अडचणी असलेल्या चार मुलांना लक्ष किंवा मदत मागण्याची साधी वाक्ये शिकवली. गरजेला जुळणारे वाक्य मिळाले तेव्हा त्रासदायक वर्तन घटले. न जुळणाऱ्या वाक्याने ते साधले नाही.

आम्ही त्याला ‘काका, माझ्याकडे बघा ना’ एवढेच शिकवले. अट आमच्यावर होती: हाक येताच, गल्ल्यावर कितीही गर्दी असो, वळून उत्तर द्यायचे. उशीर झाला की डबा वाजलाच! तरी महिनाभरात डबे आणि केस दोन्ही सुटले.

गृहपाठाच्या वेळचे पोटदुखणे मात्र टिकून आहे. तेथे त्याला लक्ष नको असते, हातच्याची वजाबाकी टाळायची असते. ‘हे मला समजले नाही’ हे वाक्य आता शिकवतो आहोत.