डब्यातला डेटा, डेटावरून राडा!

कल्याण फास्ट. चौथी सीट. अर्धी बैठक बाकावर, अर्धी हवेत. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "आयफोन म्हणजे नुसता शो रे!" झालं! डोंबिवली मागे पडते, ठाणं येतं, घाटकोपर जातं, तरी अँड्रॉइडवाले विरुद्ध ॲपलवाले सामना सुरूच. उतरताना दोन्ही पार्ट्या म्हणतात, "उद्या बघू!"

या भांडणांना फालतू म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. टेक जगात जे सुधारलंय, त्यातलं कितीतरी लोक हट्टाने भांडले म्हणून सुधारलंय. पुरावे हवेत? हँडल घट्ट धरा, गाडी सुटली!

माहीत आहे का? अँड्रॉइडच्या पोटात जो लिनक्स बसलाय, त्याला जन्मानंतर वर्षाच्या आतच 'कालबाह्य' ठरवलं गेलं होतं! २९ जानेवारी १९९२. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी जाहीर तोफ डागली की लिनक्सची बांधणीच जुनाट आहे. पुढे त्याच वादात त्यांनी हेही सुनावलं की तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझं नशीब, नाहीतर अशा डिझाइनला चांगले मार्क मिळाले नसते. समोर होता लिनक्सचा जन्मदाता लिनस टॉरवाल्ड्स, वय वर्षं २२. पोरगं गप्प बसलं नाही. प्रत्येक मुद्द्याला मुद्दा!

जिंकलं कोण? दोघंही! लिनक्स जगभरच्या फोनांत गेला. आणि २०१७ मध्ये उघड झालं की इंटेलच्या नव्या चिप्समध्ये कंपनीने गुपचूप मिनिक्स बसवलंय, म्हणजे याच टॅनेनबॉमसरांची सिस्टिम. सरांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं, आधी सांगितलं असतंत तर बरं वाटलं असतं, अशा सुराचं. म्हणजे बघा, एकाची सिस्टिम तुमच्या खिशात आणि दुसऱ्याची बॅगेतल्या लॅपटॉपमध्ये असण्याची दाट शक्यता. दोघंही तुमच्यासोबत एकाच डब्यात!

आणि भांडण मिटलंच नाही तर? ओपन सोर्सवाल्यांकडे त्यावर रामबाण उपाय आहे : फोर्क. आख्खा कोड उचलायचा आणि आपली वेगळी वाट धरायची. कल्याण जंक्शनला नाही का, आलेली लाइन कसारा आणि कर्जत अशी फुटते? तस्संच. २०१० मध्ये ओपनऑफिसवाल्यांचं बिनसलं आणि त्यातून लिबरऑफिस निघालं. आज ते मराठीतूनही वापरता येतं, तेही फुकट.

आता खास आपल्या स्टेशनाकडे.

माहीत आहे का, लोकलचं तिकीट काढण्यासाठी लोकलपासून लांब पळावं लागायचं? यूटीएस ॲपची ही गंमत कल्याणकराला वेगळी सांगायला नको. रुळांच्या फार जवळ असाल तर पेपरलेस तिकीट मिळत नसे. कारण साधं आहे. टीसी दिसला की खिशातून फोन काढून तिकीट फाडता येऊ नये! पण त्यामुळे स्कायवॉकवर एक नवाच नाच सुरू झाला. माणूस धापा टाकत येतो, फोन उघडतो, ॲप नकार देतं. चार पावलं मागे. पुन्हा नकार. आणखी दहा पावलं मागे, हात वर, फोन आभाळाकडे. खालून गाडीचा भोंगा. शेवटी तिकीट येतं आणि गाडी जाते.

आधी तर उलटी अटही होती. स्टेशनपासून फार लांब असाल तरीही तिकीट नाही! फार जवळ नको, फार लांबही नको. प्रवाशांनी वर्षानुवर्षं कटकट केली. आधी अंतर वाढलं आणि २०२४ मध्ये बाहेरची मर्यादा उठलीच. आता घरी चहा पिता पिता तिकीट काढा. हा विजय कटकट करणाऱ्यांचा आहे, आणि त्यांचे आभार मानायलाच हवेत.

याउलट एका ॲपवरून डब्यात कधीच मतभेद ऐकू येत नाहीत : एम-इंडिकेटर! सचिन टेके या मराठी इंजिनिअरने बटणवाल्या जावा फोनच्या जमान्यापासून हे वाढवलं. खरी हुशारी कुठे? वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं, म्हणून नेट नसलं तरी चालतं. रेंज गेली तरी पुढची गाडी कुठली ते कळतं. प्रवाशाची नाडी ओळखून केलेलं सॉफ्टवेअर म्हणतात ते हे.

चला, गेम ऑन!

काँट्रा आठवतंय? वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए... आणि ३० जीव! "माझ्या कॅसेटवर चालतं", "चल, थापा मारू नको" यावरून नव्वदच्या दशकात किती कट्ट्या झाल्या असतील! तो कोड मुळात खेळाडूंसाठी नव्हताच. काझुहिसा हाशिमोटो हा कोनामीचा प्रोग्रॅमर १९८६ मध्ये ग्रेडियस हा गेम तपासत होता. गेम त्यालाच जाम अवघड जात होता. म्हणून त्याने स्वतःपुरती ही चावी घातली आणि काढायला विसरला. त्या विसरभोळेपणावर आपलं आख्खं बालपण तरलं!

मारिओ घ्या. १९८५ चा आख्खा सुपर मारिओ ब्रदर्स केवढा होता, माहीत आहे का? ४० केबी! सोसायटीच्या ग्रुपवर येणारा गुलाबाच्या फुलाचा एक सुप्रभात फोटो याहून जड असतो. जागा वाचवायला काय केलं? ढग आणि झुडूप यांचं चित्र एकच. रंग बदलला, झालं काम.

आता वाद अस्सल मराठी मातीतला. १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया सगळ्यांना ठाऊक. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि ते बघून प्रिन्स हलवला. याच मालिकेतल्या २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक कोणाकडे आला? युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे! सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला आणि जगभरच्या गेमर्सनी ग्राफिक्सवरून आग ओकली. चेहरे जुने वाटतात, प्रकाश बेचव, एक ना दोन. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवलं गेलं. त्या वेळी मला मनापासून वाईट वाटलं. पुण्या-मुंबईच्या पोरांच्या हाती एवढं मोठं नाव पहिल्यांदा आलं होतं.

पण थांबा, पिक्चर अभी बाकी! त्याच २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आला. हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली मुलगी, राजवाडे, देव-दानव. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी टीम हटली नाही. द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या गटात 'राजी'ला नामांकन मिळालं. हे डब्यात छाती फुगवून सांगा!

पब्जीचा विषय काढल्याशिवाय गाडी दादरला पोचतच नाही. जानेवारी २०१९ मध्ये पब्जीवर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. याचिकाकर्त्याचं वय माहीत आहे का? ११ वर्षं! मोठी माणसं खेळत बसली आणि पोरगं कोर्टात गेलं. पुढे २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जीही गेलं. पण ते कोर्टाच्या निकालाने नव्हे, सुरक्षेच्या कारणावरून.

नशीब की कौशल्य? हा वाद तर कोर्टांनाही पुरून उरला. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम ११ ला कौशल्याचा खेळ मानलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम्स सरसकट बंद. कौशल्य असो वा नशीब, दोघांनाही लाल सिग्नल! त्याच्या महिनाभर आधी, जुलैमध्ये, विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसणारा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आपोआप आलेला गेम स्किप करत होतो. पॉप-अप की पत्ते यावर राज्यभर चर्चा झडली. नंतर त्यांच्याकडे कुठलं खातं आलं? क्रीडा!

आणि हो, मटक्यातलं 'कल्याण' म्हणजे आपलं कल्याण नव्हे! १९६० च्या दशकात वरळीत तो आकडा सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्या नावावरून ते पडलं. आपल्या शहराचा यात काडीचा दोष नाही. पुढच्या वेळी कुणी चिडवलं तर हे तोंडावर फेका.

इथे गाडी जरा हळू करूया. व्हॉट्सॲपवर एक मेसेज एका वेळी पाचांच्या पुढे फॉरवर्ड का करता येत नाही? त्यामागे हसण्यासारखं काही नाही. १ जुलै २०१८, राईनपाडा, धुळे जिल्हा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. प्रश्न विचारले गेले, सरकारने कंपनीला धारेवर धरलं आणि त्याच महिन्यात भारतात पाचची मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती साऱ्या जगाला लागू झाली. ती मर्यादा बघून वैतागण्याआधी हे गाव आठवा.

पुन्हा स्पीड पकडतो. व्हॉट्सॲप ग्रुपची सदस्यमर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली, तेव्हा लंडनच्या एका बड्या दैनिकाने लिहिलं की हा विचित्र आकडा का निवडला ते कळत नाही. जगभरच्या कोडर्सनी डोक्याला हात लावला. २५६ म्हणजे दोनाचा आठवा घात, संगणकाचा सगळ्यात आवडता आकडा! आता मर्यादा १०२४ आहे. तोही दोनाचाच घात. मोठ्या सोसायटीच्या पाणी-पार्किंगच्या वादालाही पुरून उरेल.

माहीत आहे का, संगणकाविरुद्ध आख्खं वर्ष पाळलं गेलं होतं? १९८४ हे वर्ष कामगार संघटनांनी संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळलं. नोकऱ्या जातील ही त्यांची भीती खरी होती, तिला हसू नये. बँकांमध्ये तर संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रं किती नि कुठे, याचे करार होत होते. आज एआयवरून डब्यात नेमका तोच वाद चालतो, फक्त तोंडं तरुण आहेत.

दोन भावांची गोष्ट ऐका. खरं तर चार भावांची! १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या भावांनी पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस लिहिला, ब्रेन. त्यात स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरही टाकला! आणि सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी पुण्यात काय केलं? क्विक हील अँटीव्हायरस! कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत या धंद्यात आले, धाकट्या संजयने कोड लिहिला. अँटीव्हायरस पीसी स्लो करतो की नाही, यावर तुम्ही तासभर भांडा. पण काटकरांना सलाम ठोकल्यावरच.

आता डोळे बारीक करून बघा : ॲप आणि अॅप. सारखेच दिसतात ना? तुम्हाला, संगणकाला नाही! पहिल्यात 'ॲ' हे एकच अक्षर आहे, दुसऱ्यात अ वर चंद्र वेगळा चढवलाय. एक शोधलंत तर दुसरं सापडेलच याची खात्री नाही. मराठीला हवा तसा 'ॲ' संगणकाच्या जागतिक अक्षरयादीत, म्हणजे युनिकोडमध्ये, आला एप्रिल २००८ मध्ये, आणि ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं जुलै २००८ मध्ये. ॲप लिहायला अक्षर जेमतेम तीन महिने आधी पोचलं. याला म्हणतात टायमिंग!

त्याआधी? एका फाँटमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या पीसीवर उघडली की अक्षरांऐवजी किडे-मुंग्या. डीटीपीवाल्याकडे फाइलसोबत फाँटही घेऊन जावं लागायचं. युनिकोड रुळला आणि ही पीडा टळली. मग भांडण पुढे सरकलं. २०२० मध्ये मनसेने ॲमेझॉनवर मराठी का नाही म्हणून आंदोलन केलं. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉनवर मराठी आली. पुन्हा तेच : आवाज केला, बटण आलं.

कोडर्सच्या घरगुती लढाया तर अजब. ओळ आत ढकलायला टॅब वापरायचा की स्पेस? २०१७ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या कोडर्सच्या साइटने आपल्या सर्वेक्षणाची आकडेमोड केली तर स्पेसवाल्यांचा पगार जास्त निघाला! का, ते कुणालाच धड सांगता आलं नाही. त्याच वर्षी एक विक्रमही झाला. 'व्हिम' या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न तिथे १० लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला. आत शिरणं सोपं, बाहेर पडणं महाकठीण. सकाळच्या गर्दीत डोंबिवलीला उतरून बघा!

फोनची टाइम झोन यादी उघडा. मुंबई शोधा. सापडली? काही फोनांत नाही, कोलकाता दिसेल. जगभरचे संगणक ज्या यादीवर चालतात, तिच्यात झोनमधलं सर्वांत मोठं शहर धरायची रीत आहे आणि यादी बनली तेव्हा कोलकाता मोठं मानलं गेलं. मुंबईकर चडफडतात, पण आपलं वेळेवरून भांडण जुनंच आहे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. गिरणी कामगारांनी निदर्शनं केली आणि 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिला.

शेवटचं स्टेशन, पोटोबाचं! २०१७ मध्ये गूगलच्या बर्गर इमोजीत चीज पॅटीच्या खाली आहे यावरून इंटरनेट पेटलं. सुंदर पिचाईंनी जाहीर केलं, सोमवारी बाकी सगळं बाजूला ठेवून हेच बघतो. पुढच्या अँड्रॉइडमध्ये चीज खरंच वर गेलं!

आणि वडापावचा इमोजी? नाही! अजूनही नाही! नव्या इमोजीचा प्रस्ताव युनिकोडकडे कुणीही पाठवू शकतं, तुम्हीसुद्धा. फक्त पाठवण्याआधी डब्यात एवढं ठरवून टाका : सुकी चटणी पावाला आतून लावलेली दाखवायची की बाजूला, आणि तळलेली मिरची चित्रात घ्यायची की नाही?