मानसशास्त्राचे शिक्षण : बी.ए.वर थांबावे की पुढे जावे?

— ऊस विकास अधिकारी



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की गट कार्यालयात ऊसनोंदीबरोबर मुलामुलींच्या शिक्षणाचीही विचारपूस सुरू होते. बेण्याखतांचे उत्तर आमच्यापाशी तयार असते. शिक्षणाचे उत्तर मात्र चौकशी करूनच द्यावे लागते. अलीकडे एक विषय वरचेवर निघतो, तो मानसशास्त्राचा. एका सभासदांनी तर रोखठोकच विचारले, "साहेब, पोरगी सायकॉलॉजी घेते म्हणती. तीन वर्षांत कामाला लागंल का अजून पैसं घालावं लागतील? तसं असंल तर आत्ताच सांगा, मागनं नको."

प्रश्न योग्य आहे. बागायत दोन-तीन एकर, डोक्यावर सोसायटीचे कर्ज आणि घरात लग्नाच्या वयाची मुलगी असली म्हणजे वर्षांचा हिशोब करावाच लागतो. तो नीट मांडावा म्हणून हा लेख.

प्रथम एक घोटाळा दूर करू. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. नीट परीक्षा, एम.बी.बी.एस. आणि त्यापुढे तीन वर्षांचे एम.डी. असा त्याचा मार्ग आहे. औषधे तो लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो आणि रुग्णाला व घरच्यांना सावरतो. त्याचा मार्ग कला किंवा विज्ञान शाखेतून जातो. तेव्हा बी.ए. मानसशास्त्र करून 'डॉक्टर' होता येत नाही, हे आधीच मनाशी पक्के करावे.

आता बी.ए.विषयी. ही पदवी तीन वर्षांची असते. नव्या शैक्षणिक धोरणात चौथे वर्ष करून ऑनर्स घेण्याची सोय आहे. बी.ए. झालेल्यास सामाजिक संस्थेत क्षेत्र कार्यकर्ता म्हणून किंवा कंपनीच्या कर्मचारी विभागात काम मिळू शकते. बी.एड. करून शिक्षक होता येते. स्पर्धा परीक्षा देता येतात आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे. म्हणजे पदवी वाया जात नाही. पण तेवढ्यावर रुग्ण तपासण्याचा अधिकार येत नाही.

त्यापुढे एम.ए. किंवा एम.एस्सी. साधारण दोन वर्षांचे. चार वर्षांची ऑनर्स पदवी असल्यास ते एका वर्षात करण्याची तरतूद नव्या धोरणात आहे. एम.ए. झाल्यावर समुपदेशनाच्या कामाला खरी सुरुवात होते. महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते.

रुग्णालयात 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून बसायचे असेल, तर एवढ्यानेही भागत नाही. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदपुस्तकात नाव लागते. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्या कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही या पदाची व्याख्या परिषदेच्या मान्यतेला जोडलेली आहे. इतकी वर्षे याचा राजमार्ग म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., आणि तेही रुग्णालयात प्रत्यक्ष काम करून. बंगळूरचे निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केले. या विषयाला मात्र २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुदत दिली. परिषदेने २०२४ पासून क्लिनिकल सायकॉलॉजीची वेगळी चार वर्षांची पदवी व दोन वर्षांचे एम.ए. असे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून प्रवेश घेताना संस्थेचे माहितीपत्रक पाहून थांबू नये. त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची मान्यता आहे की नाही, हे परिषदेच्या यादीत पाहावे.

आणखी एक सावधगिरी. घरबसल्या पदवी मिळते म्हणून काहीजण दूरशिक्षणाकडे वळतात. परंतु जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरशिक्षण व ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास आयोगाने मनाई केली आहे. कोणी एजंट 'फी भरा, पदवी घ्या' म्हणत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आपल्या भाषेत सांगायचे तर बी.ए. म्हणजे सुरू ऊस आणि एम.ए.च्या पुढचे शिक्षण म्हणजे आडसाली. सुरू बारा महिन्यांत गाळपाला येतो, त्यात कमीपणा काही नाही. पण सोळा-अठरा महिन्यांच्या आडसालीला बाराव्या महिन्यात कोयता लावला, तर उताराही जातो आणि वजनही जाते. घाटा तिथेच होतो. मुलीला रुग्णसेवाच करायची असेल, तर बारावीनंतर सहा-सात वर्षे धरूनच बेत करावा. तेवढी ऐपत किंवा तयारी नसेल, तर बी.ए. अधिक बी.एड. किंवा बी.ए. अधिक समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हेही चांगले मार्ग आहेत. फीचा आकडा, वसतिगृहाचा खर्च आणि शिष्यवृत्ती कागदावर मांडून मगच ठरवावे. लग्नाची बोलणी निघाली, तर पुढचे शिक्षण चालू राहील, ही गोष्ट सोयरिकीच्या बैठकीतच मोकळेपणाने बोलून घ्यावी. मागाहून कोणी ऐकत नाही.

शेवटी मुलीला, मुलाला स्वतः विचारावे, "दुसऱ्याचं दुःख तासभर ऐकून घेता येईल का, आणि ते बाहेर न बोलता पोटात ठेवता येईल का?" या व्यवसायाचे खरे भांडवल तेच आहे.

आपल्या भागाला अशा माणसांची गरज आहे. कर्ज, पाऊस आणि दारूपायी खचलेली घरे आपण सर्वजण पाहतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत दूरध्वनीही आहे. घरात कोणी फार गप्प झाले असेल, तर तो जरूर लावावा. पण फोनच्या पलीकडे आपली बोली जाणणारे, शेतकऱ्याच्या घरातले शिकलेले माणूस असले, तर बोलणाऱ्याचा जीव लवकर हलका होतो. ते माणूस आपल्याच एखाद्या सभासदाच्या घरातून तयार व्हावे, एवढीच आमची इच्छा आहे.