गाईला शेळीची लस?

२०२२ मध्ये लम्पी पसरला, तेव्हा मुळशीत आमचे काका लसीला तयार नव्हते. "टोचलं की गाठी येतात!" मी हसलो. पण लम्पीच्याच विषाणूची जुनी नीथलिंग लस दिल्यावर काही जनावरांना खरंच बारीक गाठी येतात. आपल्याकडे टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. तो विषाणू लम्पीचा चुलतभाऊ, म्हणून चालतो. गाठींची भीती नाही, पण संरक्षण जरा कमीच. तेव्हा हिसारच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये रांचीला सापडलेला लम्पीचा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींत ओळीने ५० वेळा वाढवला. तिथे गाईच्या प्रतिकारशक्तीशी झुंजावं लागत नाही. मग त्याच्या जनुकांचे काही तुकडे गळतात आणि तो आजार देईनासा होतो. तीच लम्पी-प्रोव्हॅकइंड. काका म्हणाले, "म्हणजे हॉस्टेलात राहून बिघडलेला!"